सर्वायविन पॉझिटिव्ह आणि आठच ग्रंथी: मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं एक प्रकरण

प्रश्न असा होता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, रिपोर्टप्रमाणे आजार दुसऱ्या टप्प्यात, लसिकाग्रंथींमध्ये काही नाही. अशा बाईंना केमोथेरपी द्यायची का? आणि तो निर्णय ‘सर्वायविन’ नावाच्या एका प्रथिनाच्या चाचणीवरून घ्यायचा का?

बाई मालवणकडच्या, वय 58, मासळी विकणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि एकसारख्या दोन-तीन प्रकरणांतले धागे इथे एकत्र विणले आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, कुडाळ परिसरात काम करतो. माझ्याकडे रुग्ण येत नाहीत, त्यांच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) येतात. या वेळी त्यांच्याबरोबर पुण्याहून रजा काढून आलेला मुलगा होता आणि त्याच्या मोबाइलमध्ये एक फोटो होता.

आधीचा इतिहास

शौचातून रक्त जाणं, वर्षभर. मूळव्याध म्हणून आधी गावातल्या एका माणसाकडची पुडी झाली, मग ‘उष्णता’ म्हणून कोकमाचं आगळ आणि सब्जा, मग मेडिकलमधून आणलेलं मलम. दिवसभर बाजारात पाटीसमोर बसून राहायचं असल्यावर मूळव्याध होणारच, असं घरात सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं. पन्नाशीपुढच्या माणसाला रक्त जात असेल तर आत दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय मूळव्याध हे निदान करू नये, हे आमच्या किनाऱ्यावर किती वेळा सांगितलं तरी कमीच पडतं. हिमोग्लोबिन आठवर आल्यावर डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी करायला लावली. सिग्मॉइड भागात गाठ, बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा. सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ. एप्रिलमध्ये घाटावरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. आतड्याला अडथळा नव्हता, छिद्र पडलेलं नव्हतं, जखम वेळेत भरली.

हिस्टोपॅथॉलॉजीच्या रिपोर्टचा सारांश: मध्यम प्रतीचा ॲडिनोकार्सिनोमा, स्नायूचा थर ओलांडून बाहेरच्या चरबीपर्यंत गेलेला, म्हणजे टी3. कापलेल्या कडा मोकळ्या. रक्तवाहिन्यांत, लसिकावाहिन्यांत किंवा नसांभोवती पेशी दिसल्या नाहीत. लसिकाग्रंथी: आठ सापडल्या, आठही आजारमुक्त. म्हणून टी3 एन0, दुसरा टप्पा.

मुलाच्या फोटोत मात्र वेगळाच कागद होता. त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात एक पदव्युत्तर विद्यार्थिनी प्रबंध करत होती: मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पेशीमृत्यू रोखणारी प्रथिनं आणि त्यांचा आजाराच्या वाटचालीशी संबंध. या बाईंच्या गाठीचा ब्लॉक रीतसर संमतीपत्रावर त्या प्रबंधात गेला होता. मुलाने ओळखीतून विचारलं, विद्यार्थिनीने भाबडेपणाने तक्त्यातल्या ओळीचा फोटो पाठवला. ‘सर्वायविन: सायटोप्लाझममध्ये तीव्र, 60 टक्के पेशी, केंद्रकात 10 टक्के. एक्सआयएपी: मध्यम.’ बाकीचं इंटरनेटने केलं. दोन रात्री जागून मुलाने जे वाचलं त्याचा अर्थ त्याला एकच लागला: आई वाचायची शक्यता कमी.

“वाचलंय मी, रिस्क हाय असा. मगे केमो कित्याक नको म्हणतत?” असं तो म्हणाला. ऑन्कॉलॉजिस्टने केमोची गरज दिसत नाही, देखरेख पुरेल असं सांगितलं होतं. मुलाला तो हलगर्जीपणा वाटत होता.

ही प्रथिनं करतात काय

मुलाने वाचलेलं खोटं नव्हतं, म्हणून ते उडवून लावणं बरोबर झालं नसतं.

शरीरातल्या पेशी ठरलेल्या पद्धतीने मरतात. 1972 मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. पेशी फुटत नाही, आजूबाजूला दाह होत नाही. ती आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. हे काम करणारे विकर (एन्झाइम) म्हणजे कॅस्पेज. आतड्याच्या आतल्या अस्तराला हे मरण रोजचंच आहे: तळाच्या खाचांत नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि साधारण तीन ते पाच दिवसांत गळून जातात. कर्करोगात हा हिशेब बिघडतो. जन्म वाढतो आणि मरण टळतं.

मरण टाळणाऱ्या प्रथिनांचा एक गट म्हणजे आयएपी. गंमत अशी, की हा गट आधी माणसात सापडला नाही. कीटकांना होणाऱ्या बॅक्युलोव्हायरसमध्ये 1993 च्या सुमारास तो लक्षात आला. यजमान पेशी लवकर मेली तर विषाणूला आपल्या प्रती काढायला वेळ मिळत नाही, म्हणून विषाणूच तिला जिवंत ठेवतो. पुढे माणसात अशी आठ प्रथिनं मिळाली. सगळ्यांत ‘बीर’ नावाचा सुमारे 70 अमिनो आम्लांचा, जस्त धरून ठेवणारा तुकडा असतो.

पण एका गटातली म्हणून सगळी एकच काम करतात असं नाही, आणि इथेच बरेच लेख वाचकाला फसवतात. एक्सआयएपी हे खरोखर कॅस्पेजला जाऊन अडवणारं प्रथिन: तिसरा, सातवा आणि नववा कॅस्पेज ते स्वतः बांधून ठेवतं. सीआयएपी-1 आणि सीआयएपी-2 कॅस्पेजला थेट फारसं रोखत नाहीत. ती इतर प्रथिनांना युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावतात आणि त्यातून पेशीला ‘जग’ असा संदेश देणाऱ्या साखळ्या चालू ठेवतात. सर्वायविन तर आणखी निराळं. 1997 मध्ये दारिओ अल्तिएरी यांच्या प्रयोगशाळेने त्याचं वर्णन केलं. फक्त 142 अमिनो आम्लांचं हे प्रथिन गर्भाच्या पेशींत आणि कर्करोगात भरपूर आणि प्रौढ माणसाच्या बहुतेक स्थिरावलेल्या पेशींत जवळपास नाही, म्हणून सुरुवातीला मोठी आशा निर्माण झाली. पुढे कळलं, की त्याचं मुख्य काम पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची नीट वाटणी करण्याचं आहे. ऑरोरा-बी या विकराबरोबर ते एका चमूत काम करतं. ज्या उंदरांत सर्वायविनचं जनुक काढून टाकलं ते गर्भावस्थेतच गेले. एक्सआयएपी काढून टाकलेले उंदीर मात्र जवळजवळ नेहमीसारखे वाढले.

म्हणजे गाठीत सर्वायविन भरपूर दिसलं याचा अर्थ ‘या पेशी मरायला तयार नाहीत’ असा होऊ शकतो, आणि ‘या पेशी जोरात विभागत आहेत’ असाही. प्रथिन दिसावं म्हणून स्लाइडवर चढवलेला तपकिरी रंग या दोहोंत फरक करत नाही.

एक्सआयएपीची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. काही मुलं या प्रथिनाशिवाय जन्मतात. त्यांना कर्करोगापासून संरक्षण मिळत नाही. उलट त्यांच्यातल्या काहींना अगदी लहान वयात आतड्याचा भयंकर दाह होतो, क्रोन्स या आतड्याच्या आजारासारखा. जनुकांची संपूर्ण तपासणी करून कारण शोधलेल्या आणि त्यावरून अस्थिमज्जारोपण केलेल्या अगदी पहिल्या मुलांपैकी एकाचं निदान हेच होतं. ती हकिगत 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. जे प्रथिन वाढलं म्हणून आपण घाबरतो, त्याच्याच अभावी तेच आतडं उद्ध्वस्त होतं. अशा प्रथिनाला ‘वाईट’ ठरवून त्याची टक्केवारी कुटुंबाच्या हातात देणं मला पटत नाही.

आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सर्वायविन दिसावं यात आश्चर्यही काही नाही. या कर्करोगांपैकी बहुतेकांत एपीसी हे जनुक बिघडलेलं असतं. ते बिघडलं की बीटा-कॅटेनिन केंद्रकात साठतं आणि ज्या जनुकांना जागं करतं त्यांत सर्वायविनचंही जनुक असतं. म्हणजे या बाईंच्या गाठीचं म्हणून काही खास आपल्याला कळलं नव्हतं; या आजाराचा नेहमीचा रस्ता कळला होता.

‘धोका दुप्पट’ म्हणजे किती

1998 मध्ये जपानी संशोधकांच्या एका गटाने ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात दाखवलं, की मोठ्या आतड्याच्या ज्या कर्करोगांत सर्वायविन दिसतं त्यांत पेशीमृत्यू कमी आढळतो आणि ते रुग्ण कमी जगतात. त्यानंतर अनेक देशांतून असे अभ्यास आले. सगळे एकत्र केले तर सूर तोच राहतो: सर्वायविन जास्त असलेला गट थोडा मागे पडतो. एक्सआयएपीचंही काही अभ्यासांत तसंच.

पण अभ्यास जवळून पाहिले की पायाखालची वाळू सरकायला लागते. प्रथिन हुडकून रंगवायला कुणी एक अँटिबॉडी वापरतं, कुणी दुसरी. कुणी 5 टक्के पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह म्हणतं, कुणी 10, कुणी रंगाची तीव्रता आणि टक्केवारी गुणून अंक काढतं. सगळ्यात त्रासदायक भाग प्रथिन कुठे दिसलं याचा. काही अभ्यासांत सर्वायविन केंद्रकात असणं चांगलं ठरलं, काहींत वाईट. सर्वायविनच्या जनुकातून एकाहून जास्त प्रकारची प्रथिनं तयार होतात आणि ती पेशीत वेगवेगळ्या जागी राहतात. सगळ्या अँटिबॉडी त्यांच्यात फरक करत नाहीत. शिवाय पॉझिटिव्ह-निगेटिव्हची रेघ बऱ्याचदा निकाल पाहून, जिथे फरक सर्वात ठळक दिसतो तिथे ओढली जाते. असल्या घोळाला आळा बसावा म्हणून 2005 मध्ये ‘रिमार्क’ नावाची मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध झाली: मार्करचा, म्हणजे आजाराची वाटचाल सांगू पाहणाऱ्या खुणेचा, अभ्यास करणाऱ्याने काय काय लिहायलाच हवं त्याची यादी. सर्वायविनवरचे जुने अभ्यास त्या यादीशी ताडून पाहिले की त्यातलं बरंच गाळावं लागतं.

मुलाला हे सगळं सांगून उपयोग नव्हता. त्याला मी कागदावर आकडे मांडून दाखवले. आकडे कल्पित, फक्त हिशेब समजावा म्हणून. समजा दुसऱ्या टप्प्याचे 100 रुग्ण आहेत आणि त्यातल्या 15 जणांचा आजार परत येणार आहे. समजा 60 जणांत सर्वायविन पॉझिटिव्ह आहे आणि त्याने धोका जवळजवळ दुप्पट होतो. मग पॉझिटिव्ह 60 पैकी 11 जणांचा आजार परतेल आणि निगेटिव्ह 40 पैकी 4 जणांचा. ‘दुप्पट’ ऐकून काळजाचं पाणी होतं, पण त्या 60 पैकी 49 जणांना केमोशिवायही काही होणार नाही. आणि उरलेल्या अकरांना केमोने फायदा होईल का, हे त्या चाचणीने सांगितलेलंच नाही.

हा शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. आजार कसा वागेल हे सांगणं वेगळं आणि अमुक औषध लागू पडेल का हे सांगणं वेगळं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत एक्सआयएपी किंवा सर्वायविन वाढवलं तर त्या केमोला दाद देत नाहीत, हे खरं. मग तर उलट प्रश्न पडतो: ज्या गाठी केमोला जुमानत नाहीत त्यांनाच केमो द्यायची म्हणता? मुलगा या प्रश्नाशी थांबला. त्याने जे वाचलं होतं त्यातून केमो द्यावी आणि देऊ नये हे दोन्ही निष्कर्ष तितक्याच सहज काढता येत होते.

या प्रथिनांवरच घाव घालणारी औषधं आली नाहीत का, असंही त्याने विचारलं. आली. सर्वायविन दाबणारं वायएम155 हे औषध माणसांवरच्या चाचण्यांत विशेष चाललं नाही. पेशीत ‘स्मॅक’ नावाचं प्रथिन आयएपींना बाजूला सारतं. त्याची नक्कल करणारी औषधं बरीच पुढे गेली, पण त्यातलं झेव्हिनापँट डोकं आणि मानेच्या कर्करोगावरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत 2024 मध्ये अपयशी ठरलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी यातलं काहीही आज नेहमीच्या उपचारात नाही.

मी काय मागितलं

रिपोर्टमध्ये मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती: आठ ग्रंथी.

या कर्करोगात किमान 12 लसिकाग्रंथी तपासायच्या असा दंडक आहे. आठ तपासून ‘आजार नाही’ म्हणणं म्हणजे आठांत नाही, एवढंच. बारापेक्षा कमी ग्रंथी हे दुसऱ्या टप्प्यात धोक्याचं लक्षण धरलं जातं, आणि त्याचं कारण साधं आहे: न सापडलेल्या एखाद्या ग्रंथीत आजार असू शकतो. दोष शस्त्रक्रियेचाच असतो असं नाही. ग्रंथी आतड्याला लागून असलेल्या चरबीत लपलेल्या असतात, आणि त्या शोधणं हे पॅथॉलॉजी विभागातलं सर्वात कंटाळवाणं काम. चरबी बोटांनी चाचपत, पातळ काप करत एकेक शोधायची. आजार असलेल्या ग्रंथी मोठ्याच असतात हाही भ्रम. त्यातल्या कितीतरी पाच मिलिमीटरपेक्षा लहान असतात. दुपारचे चार वाजलेत, टेबलावर अजून सहा नमुने आहेत आणि हाताला आणखी काही लागत नाही, अशा वेळी आठवर थांबणं मानवी आहे. पण त्याची किंमत रुग्ण देतो.

रिपोर्ट निघाल्यावरही फॉर्मलिनमधला नमुना काही आठवडे ठेवतात, मग जागा रिकामी करावी लागते. मी त्या विभागाला फोन केला. नमुना अजून बादलीत होता. तिथल्या वरिष्ठांनी आढेवेढे न घेता, चरबी नीट सुटी व्हावी म्हणून द्रावणात ठेवून, दुसऱ्या दिवशी स्वतः पुन्हा शोध घेतला. आणखी सात ग्रंथी मिळाल्या. त्यातल्या एकीत, जेमतेम चार मिलिमीटरच्या, कर्करोगाचा साठा होता. स्लाइड माझ्याकडे आली, मीही पाहिली. शंका घ्यायला जागा नव्हती.

15 पैकी एक. टी3 एन1ए. दुसरा टप्पा संपला. बाई आता तिसऱ्या टप्प्यात होत्या.

दुसरी मागणी एमएमआर प्रथिनांची. एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6 ही डीएनए दुरुस्त करणारी चार प्रथिनं गाठीत शाबूत आहेत की नाहीत. ही चाचणी सर्वायविनसारखीच, स्लाइडवर रंग चढवून करायची. पण हिच्या उत्तराने निर्णय हलतो. यांतलं एखादं नाहीसं झालेलं असेल तर दुसऱ्या टप्प्यात आजार परतण्याचा धोका कमी असतो आणि फ्लुरोपिरिमिडीन या एकाच गटातल्या औषधाच्या केमोचा फायदा दिसत नाही. शिवाय घराण्यात लिंच सिंड्रोम, म्हणजे अशा कर्करोगाचा आनुवंशिक धोका, आहे का हेही शोधावं लागतं. बाईंच्या गाठीत चारही प्रथिनं शाबूत होती.

“म्हणजे सर्वायविन बरोबरच सांगत होता मां?”

नवा रिपोर्ट ऐकल्यावर मुलाचं पहिलं वाक्य हे होतं. मला ते अपेक्षित होतं, तरी ऐकताना त्रास झाला.

त्याचं म्हणणं वरवर बिनतोड आहे. चाचणीने धोका सांगितला, धोका निघाला. पण मोठ्या आतड्याच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त गाठींत जी चाचणी पॉझिटिव्ह येते, ती अधूनमधून बरोबर निघणारच. आषाढात पाऊस पडेल असं सांगणाऱ्याला आपण जाणकार म्हणत नाही. मुलाला सर्वायविन निगेटिव्ह असलेल्या आणि ग्रंथीत आजार असलेल्या बाया दिसल्या नाहीत, पॉझिटिव्ह असून पंधराही ग्रंथी स्वच्छ असलेल्या दिसल्या नाहीत. त्याच्यासमोर एकच बाई होती, आणि ती त्याची आई होती. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या हट्टामुळेच स्लाइड माझ्यापर्यंत पोचल्या होत्या, हे मी त्याला सांगितलं, आणि ते खरंही होतं. फक्त एवढं विचारलं: सर्वायविन निगेटिव्ह आलं असतं, तर तू इथे आला असतास का? तो काही बोलला नाही. नसता आला. आणि ती चार मिलिमीटरची ग्रंथी बादलीतून फेकली गेली असती.

केमो आणि बर्फ

आता केमोबद्दल दुमत नव्हतं. प्रश्न किती महिने, हा होता. ऑन्कॉलॉजिस्टने केपॉक्स ठरवली: पहिल्या दिवशी शिरेतून ऑक्सॅलिप्लॅटिन, मग चौदा दिवस केपसायटाबीनच्या गोळ्या, दर तीन आठवड्यांनी. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयडिया’ या एकत्रित अभ्यासात सहा चाचण्यांतले 12,834 रुग्ण होते. तिसऱ्या टप्प्यातल्या कमी धोक्याच्या गटात, म्हणजे टी1 ते टी3 आणि एन1, केपॉक्स तीन महिने दिली काय आणि सहा महिने दिली काय, फरक नगण्य होता. नसांना होणाऱ्या लक्षणीय इजेत मात्र फरक मोठा होता: तीन महिन्यांत साधारण 14 टक्के, सहा महिन्यांत 45 टक्के. बाई नेमक्या त्याच गटात बसत होत्या. चार मात्रा, तीन महिने.

बाई तोवर जवळजवळ गप्प होत्या. मुलगा आणि डॉक्टर आकड्यांत बोलत होते. इथे त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “माका काय ता सरळ सांगा. बर्फात हात घालूक गावतलो की नाय?”

साऱ्या प्रकरणातला सर्वात नेमका प्रश्न हाच होता असं मला वाटतं. ऑक्सॅलिप्लॅटिन दिल्यावर काही दिवस थंड वस्तूला हात लागला तरी बोटांत मुंग्या आणि कळा येतात, थंड पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा होतो. हे तात्पुरतं. पण मात्रा वाढत गेल्या की बोटांची संवेदना कायमची बोथट होऊ शकते, आणि औषध बंद केल्यावरही काही महिने ती वाढत राहू शकते. पहाटे बर्फातून बांगडे उपसायचे, आडाळ्यावर (विळीवर) इसवण (सुरमई) कापायची, सुट्या नाण्यांचा हिशेब बोटांनी करायचा, ज्या बाईचं पोट या बोटांवर आहे तिच्यासाठी तीन की सहा हा प्रश्न अंगठा शाबूत राहील का इतका थेट आहे.

योगायोगाने केमो जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली. 1 जूनपासून मासेमारीबंदी. बाजारात ताजी मासळी नाममात्र. या दिवसांत बाई तशाही सुकी मासळी विकतात, सोडे, सुकट, बोंबील. बर्फाशी संबंध नाही. जे काही दिवस काळजीचे, ते सून बाजारात बसली. उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. दर खेपेचा गाडीखर्च आणि बुडालेला रोजगार कुठल्याच योजनेत बसत नाही. तिसऱ्या मात्रेला तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले, गोळ्यांचं प्रमाण कमी करावं लागलं. चौथी पूर्ण झाली. बोटांना बधिरपणा आला, पण शर्टाचं बटण लावता येतं, आडाळो धरता येतो.

पुढची देखरेख: दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि रक्तातलं सीईए (आजार परतला तर वाढू शकणारं प्रथिन), ठरल्याप्रमाणे सीटी, शस्त्रक्रियेनंतर वर्षाने कोलोनोस्कोपी. मुलाला चाळिशी गाठली की त्याची स्वतःचीही कोलोनोस्कोपी. दुसऱ्या टप्प्यातच राहिल्या असत्या तर आज त्यांच्यासाठी गाठीचा डीएनए रक्तात शोधण्याची चाचणी सर्वायविनपेक्षा कितीतरी अर्थपूर्ण ठरली असती. 2022 मध्ये आलेल्या ‘डायनॅमिक’ चाचणीत 455 रुग्णांमध्ये त्या तपासणीच्या आधारे केमो 28 टक्क्यांऐवजी 15 टक्के जणांनाच द्यावी लागली आणि आजार परतण्यात वाढ झाली नाही. असा पुरावा सर्वायविनच्या बाजूने अजून कुणी उभा केलेला नाही. रक्तातल्या डीएनएची ती चाचणी मात्र मालवणच्या माणसाच्या आवाक्यात यायला वेळ आहे.

प्रबंधाचा तक्ता

विद्यार्थिनीशी माझं बोलणं झालं. संशोधनातली ओळ रिपोर्ट म्हणून बाहेर जाता कामा नये, हे तिला तिच्या मार्गदर्शकांनी आधीच सुनावलं होतं, त्यात मी भर घातली नाही. मला तिच्या तक्त्यात रस होता.

त्या तक्त्यात या बाई ‘ग्रंथी निगेटिव्ह’ म्हणून नोंदल्या होत्या. आता ती नोंद चुकीची ठरली. एकीची चुकली तर आणखी कितींची? प्रबंधात सर्वायविनचा संबंध ग्रंथींमधल्या आजाराशी लावायचा होता, आणि ‘ग्रंथी निगेटिव्ह’ या रकान्यात नीट शोध न घेतलेल्या बाया आणि पुरुष मिसळलेले असतील तर त्या संबंधातून काय निघणार? सर्वायविन जोरात आणि ग्रंथी निगेटिव्ह अशी जी जोडी विसंगत दिसते, तिच्यातल्या काही विसंगत नसतीलही, आणि जिथे मेळ दिसतो तिथे तो नसेलही. अँटिबॉडी आणि अंक यांवर आम्ही इतकं भांडतो, पण ज्या खांबाशी ते अंक बांधायचे तो खांबच डळमळीत असू शकतो.

दुसरा प्रश्न पाठपुराव्याचा. आयुर्मानाबद्दल बोलायचं तर रुग्ण पाच वर्षं माहीत असायला हवा. आमच्याकडचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर मुलाकडे मुंबईला जातो, मोबाइल नंबर बदलतो, पुढचा उपचार गोव्यात बांबोळीला किंवा मुंबईत परळला घेतो. तक्त्यात तो ‘संपर्क नाही’ होतो, आणि जे बरे राहतात तेच बहुधा फोन उचलतात. विद्यार्थिनीने आशाताईंमार्फत गावागावांत चौकशी करायचं ठरवलं आहे. पत्त्यापेक्षा वाडीचं नाव जास्त कामाला येतं, हे तिला कोकणातल्या पहिल्या फेरीतच कळलं.

तिने तक्त्यात एक रकाना वाढवला: तपासलेल्या ग्रंथींची संख्या. बाराच्या खालच्या नोंदी तिने वेगळ्या काढल्या. ज्यांचे नमुने अजून फॉर्मलिनमध्ये होते त्यांच्यात पुन्हा शोध सुरू झाला आहे. जुन्यांचे नमुने केव्हाच नष्ट केलेले. त्यांच्या ग्रंथींबद्दल आता ‘निगेटिव्ह’ न लिहिता ‘अपुरी तपासणी’ असं लिहायचं, यावर तिचे मार्गदर्शक राजी झाले. नमुन्यांची संख्या त्यामुळे घटली, आणि आता विद्यापीठाकडे मुदतवाढ मागावी लागणार आहे.